वाळूखालचा चिकण थर

९ एप्रिल १९४६, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. शहागडच्या गोदापात्रातील झिऱ्यात, म्हणजे वाळूत हाताने उकरलेल्या पाण्याच्या खड्ड्यात, मी मोजपट्टी धरली. आदल्या सकाळी तेथे नऊ इंच पाणी होते. आता दीड इंच होते. पट्टी उलटी तर धरली नाही ना, म्हणून मी ती दोनदा तपासली.

हैदराबादेत विज्ञान शिकत असताना मला गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशावर निबंध सिद्ध करायचा होता. समुद्रकाठच्या त्या शेतांना पोसणारा गाळ आमच्या भागातून जातो. तो वाटेत कोठे अडतो, हे आकड्यांनी दाखवायचे होते. दोन पुरांत मुख्य धार आमचा काठ सोडून पलीकडे सरकली होती. जुन्या पात्रात मासे उरले नव्हते, काठच्या विहिरी खारट झाल्या होत्या. सारी आळी या एका झिऱ्याचे पाणी पीत असे.

झिरा आमच्या आळीतली मावशी राखत असे. करवंटीने उकरायचे, खांद्यापर्यंत हात जाईल इतकेच. आदल्या दिवशी मी वाळूची जाडी मोजायला सळई आणली, तेव्हा ती आडवी आली.

"लोखंड न्हाई लावायचं इथं."

"का?"

"माझ्या सासूनं न्हाई लावलं."

"हे कारण नव्हे, मावशी."

"कालिजात वाळूला बी सुया टोचाया शिकवतेत व्हय गं?"

पाण्याला आलेल्या बाया हसल्या. मीही हसले, आणि तळाशी व भोवताली सात ठिकाणी सळई ठोकली. वाळूच्या पृष्ठापासून अडीच फुटांवर ती अडे. जोर केला की एकदम सैल खाली जाई. चिकण थर चार इंच, असे मी समाधानाने लिहिले. पुढे लिहिले: भोकांतून बुडबुडे.

तेच पान मी आता पुन्हा वाचले. बुडबुडे म्हणजे खाली हवा. म्हणजे कोरडी वाळू. धार जवळ होती तोवर थराखालीही पाणी असे. ती सरकल्यापासून चार इंच मातीनेच झिरा तोलून धरला होता. सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, आणि मला ते दिसले नव्हते.

मावशी रिकामी घागर घेऊन उभी होती. "बोल की. काय लिहिलंस त्यात?"

मी सांगितले. ती रागावलीही नाही. "मंग बुजव. जल्दी कर."

काठावरची चिकण माती मळून आम्ही भोके बुजवू लागलो. थर उघडा व्हावा म्हणून भोवतालची वाळू बायांनी हातांनी उपसली.

"सहा झाली. सातवं कुठंय?" मावशीने विचारले.

सातव्याची जागा मी नोंदवलीच नव्हती. ते साडेदहाला सापडले.

बारा वाजता पट्टी धरली. पाऊण इंच. घागरी तशाच ओळीने ठेवून, पाणी टिकते का ते पाहत बाया उन्हात बसून राहिल्या. एकीनेही करवंटी बुडवली नाही.

एक वाजता: पाऊण इंच.