झेंड्यावरचा चेहरा

आमच्या टेकडीवरच्या वस्तीत भरतकाम करावं तर आल्झिरानं. आमच्या सांबा नाचाच्या मंडळाचा झेंडा विरला तेव्हा सभेत ठरलं, नुसता नवा नको, वेगळा हवा. देशाच्या झेंड्यावर मधल्या निळ्या गोलात आकाश आहे, तारे आहेत. ज्यांच्या पणज्यांना गुलाम म्हणून साखळ्या घालून इथं आणलं ती आम्ही काळी माणसं कुठंच नाही. तेव्हा चौकट तीच ठेवायची, पण मधल्या निळ्या गोलात चेहरा भरायचा तो मंडळ उभं करणाऱ्या ओनोरिनामावशीचा. मावशी म्हणजे आल्झिराची आई. जन्मभर लोकांचे कपडे धुतलेली, आता नव्वदीला टेकलेली. तिच्या डोळ्यांदेखत हा झेंडा नाचावा, एवढीच आल्झिराची इच्छा होती.

तीन महिने ती मान मोडून भरत होती. मिरवणुकीत झेंडा नाचवणारी मी, म्हणून अधूनमधून बघायला जायचे. नाक सरळ येत होतं, केस मऊ, गाल फिके. मावशी तशी नाही, हे मला दिसत होतं. तरी मी म्हणाले, किती देखणी काढलीस गं आईला. आज सांगायची लाज वाटते, पण मला ती खरंच देखणी वाटली होती.

नवा झेंडा बाहेर काढला की वडीलधाऱ्यांनी त्याच्या कडेला ओठ टेकवायचे, ही आमची रीत. मी गिरक्या घेत मावशीच्या खुर्चीपर्यंत गेले आणि कड तिच्या हातात दिली. ढोल थांबले. तिनं रीतीप्रमाणे ओठ टेकवले, मग कापड डोळ्यांजवळ नेऊन निरखलं.

"या तर लुसिलाबाई," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं त्यांच्या चादरी धुतल्या मी. त्यांना कशाला बसवलंय आपल्या झेंड्यावर?"

आल्झिरा आईच्या पायाशी बसली.

"आई, ती तूच आहेस. मी तुलाच काढत होते. हात तिकडं कसा गेला, कळलंच नाही मला."

मावशी ते सरळ नाक बोटानं चाचपत राहिली.

"हाताला बोल नको लावूस," ती म्हणाली. "तू पाळण्यात होतीस, तेव्हा कपड्यांचा चिमटा तुझ्या नाकाला लावायचे मी. रोज. नाक चपटं राहू नये म्हणून. तू रडायचीस, तरी काढत नव्हते."

मग दोघींनी मिळून टाके उसवले. त्या वर्षी मिरवणुकीत मी जो झेंडा नाचवला, त्याच्या मधल्या गोलात नुसती सुईची भोकं होती.