चाचींचं चुगलखोर रगत

उमरग्याच्या दवाखान्यात मी रक्त काढायला बसते. बहुतेक माणसं सुई पाहून तोंड फिरवतात. चाची मात्र नळीत चढणाऱ्या रक्ताकडे रोखून बघायच्या आणि त्याला दम भरायच्या, "खरं बोल हां! बेटी विचारंल त्ये समदं सांग."

चाची बाजारात बांगड्या भरायच्या. एकदा फुटक्या काचेनं बोट कापलं, तेव्हा समोरची बाई ओरडली. चाचींना पत्ताच नव्हता. तपासणीत कुष्ठरोग निघाला. औषध सुरू झालं की तो लवकरच दुसऱ्याला लागेनासा होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण बाजारानं ऐकलं नाही. गिऱ्हाइकं तुटली. चाचींनी बांगड्यांची पेटी माळ्यावर टाकली.

त्या दिवसांत आमच्याकडे एक अभ्यास चालला होता. औषधानं रोग कितपत हटतोय, हे रक्तातून कळतं का, ते पाहायचं. जंतूंशी लढताना शरीर जी द्रव्यं बनवतं, ती औषधानं हळूहळू उतरतात. चाचींनी आपणहून हात पुढे केला. दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "उतरलं का गं?"

"थोडं उतरलंय, चाची. पण एवढ्यावरून बरं झालं असं म्हणता येत नाही. डॉक्टर हातपाय तपासून सांगतील."

"लई सुस्त हाय माझं रगत," म्हणत त्या बाही खाली ओढायच्या.

एका खेपेला मात्र सूज दाखवणारा आकडा एकदम चढलेला दिसला. मी त्यांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "कुठं दुखतंय का?"

"न्हाय बा."

डॉक्टरांनी कोपराजवळची नस दाबली आणि चाची कळवळल्या. कितीतरी दिवस ठणका सोसत होत्या. नातीचं लग्न जमत आलं होतं. आजीचा आजार पुन्हा उठला असं पाव्हण्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, ही धास्ती. डॉक्टर म्हणाले, "रोग उलटला नाही, चाची. शरीराचीच आग नसेवर उठलीय. आणखी थांबला असता तर पंजा गेला असता." लगेच गोळ्या सुरू झाल्या. पंजा वाचला, करंगळी तेवढी वाकडी राहिली.

"घरच्यांपासनं लपिवलं, डाक्टरापासनं लपिवलं," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अन् ह्ये चुगलखोर बघ!" हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या आठवड्यात त्या नवऱ्या मुलाच्या घरी गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "आता रगताच्या आधी म्याच बोलणार," त्या मला म्हणाल्या. मग मुलाची आई चाचींना घेऊन डॉक्टरांकडे आली, मनातलं सगळं विचारून गेली. लग्न झालं.

अभ्यास संपला. औषधंही संपली, डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं. चाची मुलीकडे कलबुर्गीला कायमच्या निघाल्या, तेव्हा मला भेटायला आल्या. पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. "आज तू हात दे," त्या म्हणाल्या. "बोटांना पुरतं कळत न्हाय. दुखलं तर सांगायचं."

एक बांगडी अंगठ्यापाशी अडली. दुखलं, पण मी बोलले नाही. चाचींची नजर माझ्या चेहऱ्यावरच होती. त्यांनी हात थांबवला, ती बांगडी काढली आणि एका मापानं मोठी उचलली.