करवलीचा आहेर

चौदाव्या वर्षी माणसावर जेवढा अन्याय होतो तेवढा पुढे जन्मात कधी होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच वडीलधारा माणूस मी पाहिला. ते म्हणजे आमच्या ताईचे मामेसासरे. "लहान पोराइले पेढा भेटते, मोठ्याइले मान भेटते, अन् मधल्याइले? पानी वाढाचं काम!" असं ते भर पंगतीत म्हणायचे आणि ते सगळ्या मांडवाला ऐकू जायचं. नागपुरात लकडगंजला लाकडाच्या वखारीत त्यांची कारकुनी. दिवसभर आरा मशीनशेजारी बसून त्यांचा आवाज कायमचा चढला होता. त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं.

हा माणूस त्या मधल्या वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहायचा. पाचएक छापूनही झाल्या होत्या. त्यांची लिहिण्याची रीत अशी, की प्रकरण पुरं झालं की मामींना वाचून दाखवायचं. मामी तांदूळ निवडत ऐकायच्या. ऐकताना त्यांचा हात थांबला तर प्रकरण ठेवायचं, नाही थांबला तर फाडून टाकायचं. "मले खडे पाहू द्या जी," मामी वैतागायच्या, "मंग जेवताना दाताखाली आला का तुमीच बोंबलसान." त्यामुळे मामांकडे जेवताना भातात खडा लागला, की कादंबरी चांगली चालली आहे असं पाहुण्यांनी समजून घ्यायचं आणि मुकाट्याने गिळायचं.

पण ही पुस्तकं घेणार कोण? सीताबर्डीवरचे त्यांचे प्रकाशक म्हणायचे, "लहानांसाठी लिहा, नाहीतर मोठ्यांसाठी. मधलं गिऱ्हाईक दुकानात येतच नाही." न खपलेले गठ्ठे मामांच्या पलंगाखाली परत यायचे. यावर मामांनी आपला उपाय काढला. लग्नसराईत ते पुस्तकाचाच आहेर न्यायचे आणि तो नवरा-नवरीला न देता थेट करवलीच्या हातात ठेवायचे. "नवरीले सारेच पाहून रायले. करवलीकडे कोन पाहाते?"

ताईचं लग्न आमच्याकडे रामटेकला झालं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट, ऐन मे महिना. मी चौदा वर्षांची करवली, पहिल्यांदाच नेसवलेलं लुगडं सावरत सरबताचं तबक धरून उभी होते. मामा समोर आले. किती मोठी झालीस, कितवीत आहेस, असलं काही नाही. एकदम म्हणाले, "तुले सगळ्यात जास्त राग कोनाचा येते वं?" मला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "साऱ्याइचाच."

"शाबास!" मामा ओरडले. वाजंत्रीवालेसुद्धा थांबले. मग वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं माझ्या हातात ठेवून ते जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पुडकं सोडलं तर आत हाताने लिहिलेली पानं. नव्या कादंबरीची एकुलती एक प्रत! मामांनी सगळी पुडकी एकसारखी बांधली होती आणि अदलाबदल झाली होती. तिकडे त्यांनी प्रकाशकांच्या टेबलावर ऐटीत ठेवलं ते प्रकाशकांनीच छापलेलं आणि त्यांच्याच दुकानात न खपलेलं पुस्तक. पुडकं उघडलं तेव्हा कुठे मामांना घोटाळा कळला.

लगेच मामा भर दुपारच्या एस्टीने, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून रामटेकला हजर झाले. आईने पन्हं दिलं. मी तोवर सगळं दोनदा वाचलं होतं. उमरेडच्या विणकराची मुलगी वेणू. घरचे शाळा सोडायला लावतात म्हणून ती एकटी नागपूरला आत्याकडे निघून जाते, तिथे शाळेत नाव घालते. आणि शेवटच्या पानावर घरी येऊन सगळ्यांच्या पाया पडून माफी मागते.

पानं परत देताना मी म्हटलं, "सारं चांगलं हाय मामाजी. पन ते माफी काहून मागते? तिनं चूक काय केली?"

मामा पहिल्यांदाच हळू बोलले. "छापनारा म्हने, माफी असंन तरच छापतो. मायबापाइले आवडलं पाहिजे. नाई तं यापुढं माहं काहीच छापनार नाही."

"पन वेणूले आवडलं का?"

मामांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग त्यांनी शेवटचं पान काढलं, घडी करून खिशात कांद्याशेजारी ठेवलं आणि उरलेली पानं घेऊन गेले.

प्रकाशक शब्दाला जागले. कादंबरी छापली नाही. पण नाउमेद होतील तर मामा कसले! चुकून झालं ते त्यांनी रीतच करून टाकलं. आता प्रत्येक लग्नात हाताने लिहिलेली वेणूच करवलीला मिळायची, "वाचून वापस कर बरं," या अटीवर. दिलेला आहेर परत मागणारा असा पाहुणा दुसरा नसेल. पानांना हळद लागली, श्रीखंड लागलं. पोरींनी वह्यांत उतरवून मैत्रिणींना दिली. काही वर्षांनी दोन वेण्या घातलेल्या मुली सीताबर्डीच्या दुकानात येऊन वेणूचं पुस्तक मागू लागल्या. न छापलेल्या पुस्तकाला गिऱ्हाईक कुठून येतं, हे प्रकाशकांना कळेना. शेवटी त्यांनीच मामांना बोलावून घेतलं. वेणू माफी न मागताच छापली गेली. त्या दिवशी मी आनंदाने रडले.

माझ्या लग्नात मामा आले तेव्हा पाय थकले होते, आवाज तेवढाच होता. नवं कोरं पुस्तक त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला दिलं. मला वाईट वाटलं आणि मी तसं बोललेही.

"तुहं वय सरलं वं बाई," मामा म्हणाले. "मोठ्याइले मी पुस्तक देत नाही." मग खिशातून एक जुनी घडी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "हे माफीचं पान. वेणूले नाही लागलं. सासरी तुले लागलं तं वापरजो." हे अर्थातच सगळ्या मांडवाने ऐकलं, माझ्या सासूबाईंनीही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. पान माझ्या कपाटात आहे, आणि त्याला कांद्याचा वास येतो असं मला उगाच वाटतं. संसारात चार-दोनदा ते बाहेर काढायची वेळ आली. दरवेळी शेवटपर्यंत वाचलं, 'चूक काय केली?' असं स्वतःला विचारलं आणि घडी घालून परत ठेवलं. एकदा चूक खरंच माझी होती. तेव्हा मी माफी मागितली, पण माझ्या शब्दांत. वेणूचं पान अजून कोणी वापरलेलं नाही.