राक्षसमास्तरांचा एकडोळ्या

राक्षसमास्तर हे नाव त्यांना पॅकिंगच्या बायांनी चेष्टेत दिलं होतं. मास्तरांनी ते पदवीसारखं मिरवलं. खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते राक्षस रचायचे. टेबलाभोवती दोघंचौघं वीर बनून बसतात, एकजण गोष्ट सांगतो, फासे पडतात आणि वाटेत राक्षस आडवा येतो, असा तो खेळ. राक्षसाचं चित्र, त्याची ताकद आणि त्याची एखादी खोड एका कार्डावर बसवायची, एवढंच मास्तरांचं काम. पण तोरा असा, की ब्रह्मदेवानं उरलेली सृष्टी यांच्याच गळ्यात घातली आहे.

त्यांच्या लेखी पॅकिंगच्या बाया अडाणी, खेळणारे पोरकट आणि मालकीणबाई नुसत्या दुकानदार. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! यांचे राक्षस म्हणजे ह्याची शिंगं, त्याची शेपूट आणि तिसऱ्याचे पंख. चाळिशी उलटली तरी राहायला थोरल्या बहिणीकडे, आयत्या बिळावर नागोबा. ताई घरी पडदे शिवायची. आजारपणात तिचा डावा डोळा गेला होता. तरी उरलेल्या डोळ्यानं ती भावाचं प्रत्येक कार्ड कौतुकानं बघायची. मास्तरांना थोर मानणारं जगात हे एकच माणूस होतं, आणि मास्तरांना वाटे, तो आपला हक्कच आहे.

एके दिवशी मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं. "एका डोळ्याचा महाकाय राक्षस हवाय. या वेळी उसनवारी नको, मास्तर. त्याची खोड खेळणाऱ्यांना खरी वाटली पाहिजे. नाही जमलं तर राक्षस दुसरं कुणी करेल, तुम्ही खोके रंगवा."

मास्तर हादरले. कागदापुढे बसून बसून डोकं बधिर झालं, पण डोक्यात असेल तर कागदावर उतरणार ना! शेवटी हताश होऊन ते स्वयंपाकघरात आले. ताई चहा गाळत होती. कपाच्या काठावर बोट टेकवून, अंदाज घेऊन मगच ती ओतायची, नाहीतर धार बाहेर जायची. वळताना तिचा डावा खांदा चौकटीवर आदळला. मास्तर टक लावून बघत राहिले. "लागलं का?" एवढं तोंडातून निघालं असतं तर जीभ झिजली नसती. पण ते पळत गेले ते पेन्सिल आणायला. याला ते निरीक्षण म्हणत.

कंपनीत फरशीचं काम निघालं होतं, म्हणून नवा राक्षस खेळून बघायचं ठरलं ते ताईच्याच घरी. तिनंच हौसेनं बोलावलं होतं. "मलाही बघू दे की, तू काय करतोस ते!"

मालकीणबाई आणि पॅकिंगची मुकादमीण वीर झाल्या. मास्तरांनी राक्षस उभा केला. तो पिंप उचलायला गेला आणि त्याची मूठ अलीकडेच हवेत मिटली. ओतताना त्यानं काठ चाचपला. डावीकडून भाला आला तसा दचकला, आणि गुहेच्या तोंडावर डावा खांदा आपटून कळवळला. दोघी हसून हसून बेजार झाल्या.

"मास्तर, हा जिवंत आहे हो!" मालकीणबाई म्हणाल्या. मास्तर फुगले.

मुकादमीण मात्र कार्ड निरखत होती. "मास्तर, डोळा तर तुम्ही कपाळाच्या मधोमध काढलाय. मग ह्याला डावीकडचंच का दिसत नाही?"

मास्तर फासे गोळा करायला लागले. "त्याची... जातच तशी असते."

"मान वाकडी आहे का त्याची?" ती हसली.

ताई ट्रे घेऊन दारात उभी होती. कधीची, ते कुणाला कळलं नव्हतं. तिनं टेबलाची कड चाचपून ट्रे ठेवला, मुकादमिणीच्या हातून कार्ड घेतलं आणि उजव्या डोळ्याजवळ नेऊन वाचलं. सगळं वाचलं. मुकादमिणीचं हसू तोंडातच विरलं.

"चुकलं तुझं," ताई म्हणाली. "डोळा उजवीकडे काढ. डावीकडे नुसती खाच ठेव. मग सगळं बरोबर बसेल."

मालकीणबाईंनी कार्ड पालथं घातलं. "राहू द्या, मास्तर. दुसरा करू."

इथं माणूस कार्ड फाडतो. निदान मान तरी खाली घालतो. मास्तरांनी खोडरबर काढला. "नाही नाही, ताईचं बरोबर आहे," असं म्हणत त्यांनी तिच्यादेखत मधला डोळा पुसला आणि उजवीकडे काढला. वर कार्ड लांब धरून बघितलं आणि खूश झाले. लाज कोळून प्यायलेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं?

राक्षस पास झाला. खोके रंगवायची वेळ मास्तरांवर आली नाही.

रात्री ताईनं नेहमीसारखी दोन ताटं वाढली. मास्तरांनी विचारलं, "रागावलीस का गं?"

"नाही रे. चांगला झालाय राक्षस."

मग तिनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून पलीकडे नेली आणि मास्तर बरोबर डाव्या हाताला येतील अशी मांडली. बसली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत शांतपणे जेवू लागली.