शेवटच्या तळ्याचा बांध

मागाकला सरोवराच्या आमच्या काठावर नावानं कुणी हाक मारली नाही. ‘घाणीवाला’ म्हणायचे. शहराचं सांडपाणी ओळीनं खोदलेल्या तळ्यांत यायचं, एकातून दुसऱ्यात निवळत जायचं आणि शेवटच्या तळ्याच्या बांधाखालून, दाट लव्हाळ्यातून झिरपत सरोवराला मिळायचं. त्या बांधाची आणि लव्हाळ्याची राखण मागाक करायचा. मयताच्या जेवणाला भावकी एका ताटात जेवते, ह्याचं ताट मात्र वेगळं. मी मासे भाजून विकणारी बाई, माझी जीभ तिखट. मी म्हणायची, “तुमची घाण तो निस्तरतो आणि विटाळही त्याचाच होय? शहाणेच आहात!” हसायचे मेले.

लव्हाळ्याच्या पलीकडे त्याची धाकटी बहीण अलुओच राहायची. नवरा सरोवरात बुडालेला, पदरी दोन मुली. तिचं पिण्याचं पाणी सरोवराच्या त्याच काठचं. मागाक बांधावर आहे म्हणजे पाणी बरं, एवढंच तिला ठाऊक. मागाकचाही सगळा जीव त्या दोन पोरींत. आपलं लेकरू त्याला नव्हतं.

मग मागाक आणि अलुओचचा म्हातारा बाप ओपोंदो गेला. ओपोंदो म्हणजे मोठा माणूस, भाल्याचा आणि बैलांचा. आमच्यात अशा माणसाचं मरण गावातून हाकलून लावावं लागतं. बैलांना वेली बांधायच्या, भाले घ्यायचे आणि आरडाओरडा करत गुरं काठापर्यंत पळवायची. काठाची जुनी वाट नेमकी शेवटच्या बांधावरून जात होती.

मागाकनं थोरल्या भावाला, रादिदोला, हात जोडले. “दादा, पावसानं बांध भुसभुशीत झालाय. एवढी गुरं गेली तर बसेल तो. टेकाडावरून वळसा घालू या.”

“बापाचं मरण आडवाटेनं हाकलायचं? लोक तोंडात शेण घालतील!” रादिदो कडाडला. “बापापेक्षा तुला शहराची घाण प्यारी झाली का रे?”

मागाकच्या तोंडावर कुणी थुंकल्यासारखं झालं. अखेर त्यानंच भाला उचलला आणि सगळ्यांच्या पुढं धावला. बैल बांधावरून गेले, लव्हाळा पायांखाली चेंगरला.

त्या दिवशी रादिदोनं त्याला दंडाला धरून आपल्याच ताटात जेवायला बसवलं. काय खूश होता हो बिचारा! एकेक घास सावकाश खात होता.

अलुओच पोरींसाठी घरी परतली होती. पण मुलग्यांनी चार दिवस मयताचं अंगण सोडायचं नसतं. मागाकची नजर पुन्हापुन्हा काठाकडे जायची. टिकला असेल बांध, असं तो स्वतःलाच समजावत राहिला. इतक्या वर्षांनी ताटावर बसवलेला माणूस, त्याला उठवेना.

बांध पहिल्याच रात्री बसला होता. तळ्यातली घाण सरळ सरोवरात गेली. तेच पाणी पिऊन अलुओचची थोरली, अदेरो, ओकायला लागली, पोट धरून धरून वाळली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच अलुओचच्या पाठीवर गेली. पाच वर्षांची पोर! कुणाच्या नावानं बोटं मोडावीत तेच मला कळेना.

मागाकनं एकट्यानं खोरं घेऊन माती टाकायला सुरुवात केली. रादिदो एकदा येऊन लांब उभा राहिला आणि आल्या पावली परतला. मी भाकरतुकडा घेऊन जायची, तो हात लावत नसे. माती पडायची आणि पाण्यात विरघळून जायची.

एका सकाळी अलुओच तिथं आली. कडेवर धाकटी, हातात रिकामी घागर. मला वाटलं, आता त्याला शिव्या घालेल, दगड मारेल. मारायला हवा होता. तिनं फक्त विचारलं, “दादा, आता पाजू का हिला?”

मागाकनं पाण्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. चिखलाचे हात तसेच लोंबकळत राहिले.

“उकळून पाज,” तो कसाबसा म्हणाला.

“इतकं सरपण रोज कुठून आणू?” ती म्हणाली. मागाकनं खोरं उचललं आणि पुन्हा माती टाकायला लागला. मग ती वाकली आणि तिनं त्याच पाण्याची घागर भरून घेतली.