पफदादांची तीनशे झाडं

पफदादांचा राग नाकापासून सुरू होतो. आधी शेंडा लाल होतो, मग कानाच्या पाळ्या, आणि मग आवाज चढायच्या ऐवजी इतका खाली उतरतो, की समोरच्याला पुढे वाकून बोलणी खावी लागतात. चाळीस वर्षं त्यांनी नटांचे चेहरे रंगवले. तिसरी घंटा होईपर्यंत हातात पावडरचा पफ, म्हणून नाव पफदादा. रंगपटात आरडाओरडा चालत नाही, भिंतीपलीकडे प्रयोग सुरू असतो. त्यामुळे त्यांच्या रागाला कुजबुजायची सवय लागली. मोठमोठे राजे आणि सेनापती त्या कुजबुजीला टरकून असत. "हलू नका, महाराज," एवढं ते म्हणाले, की महाराज श्वास धरून बसायचे.

झाडांशी त्यांची ओळखही रंगपटातलीच. आरशाशेजारी हातभर खिडकी होती. म्हाताऱ्यांच्या भूमिका करणाऱ्या एका बाईंनी तिथे बिस्किटांच्या डब्यात एक गुबगुबीत पानांचं झाड लावलं होतं. मुठीएवढं, कमळासारखं, पानांच्या कडांना किंचित गुलाबी. बाजूला फुलझाडांच्या तीन कुंड्या. कंपनी दौऱ्यावर गेली ती अठ्ठावीस दिवसांनी परतली. फुलझाडांच्या काड्या झाल्या होत्या. हे मात्र धुळीची शाल पांघरून मजेत बसलं होतं. "आलात? चहा घ्या," एवढंच म्हणायचं बाकी होतं.

पफदादा त्या झाडाच्या प्रेमात पडले ते तिथेच. ज्यांच्या घराला महिन्यातले वीस दिवस कुलूप असतं त्यांनी दुसरं काय पाळावं? जाड पानांत पाण्याचा साठा, पंधरा दिवस कोणी विचारलं नाही तरी रुसवा नाही. उलट मायेने रोज पाणी घातलं तर मुळं कुजून मरतं. गळलेलं पान नुसतं मातीवर ठेवलं, की तीन आठवड्यांत देठाशी मुगाच्या दाण्याएवढं बाळ दिसायला लागतं. पफदादांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं होतं.

नाट्यगृह बंद झालं. पफदादांनी रंगाची ट्रंक आणि खिडकीतले डबे उचलले आणि धाकट्या बहिणीच्या घरी आले. दोघंही एकटी, दोघंही तिरसट, त्यामुळे छान जमलं. पण रिकामे हात त्यांना चावत होते. गाड्यांच्या गॅरेजला लागून झाडांचं एक दुकान होतं. तिथे ते कामाला राहिले आणि जाताना आपले डबेही घेऊन गेले.

दुकानात या झाडांना सक्युलंट म्हणत, आणि वर पाटी होती : 'हवा शुद्ध, मन शांत, नशीब उजळ.' त्या पाटीने पफदादांचं पित्त खवळायचं.

"काका, याने घरातली हवा शुद्ध होते ना?" गिऱ्हाईक विचारायचं.

"हवेसाठी खिडकी उघडा."

"मग याचा फायदा काय?"

"तुम्ही विसरलात तरी हे मरत नाही. घरात दुसरं कोण आहे असं?"

गिऱ्हाईक हसायचं आणि दोन कुंड्या न्यायचं. मालकीणबाई गल्ल्यामागून डोळे वटारायच्या, पण दोन कुंड्या गेल्यावर काय बोलणार? बाई कष्टाळू होत्या. सकाळी स्वतः दुकान झाडायच्या, मातीची पोती ओढायच्या. त्यांच्याविषयी वाईट बोललेलं पफदादा आजही खपवून घेत नाहीत. स्वतः बोलतात ते वेगळं.

मागच्या शेडमध्ये दोन वर्षांत पफदादांनी एकेका पानापासून तीनशे झाडं वाढवली. सगळी त्या खिडकीतल्या डब्याची पोरं, नातवंडं. माती दुकानाची, कुंड्या दुकानाच्या, म्हणजे झाडंही दुकानाचीच. ते त्यांना मान्य होतं. पण कोणतं उन्हाकडे वाकतं, कोणाला सावलीत ठेवावं लागतं, हे फक्त त्यांनाच माहीत.

मग चंदेरी रंगाचं खूळ आलं.

"काका, तुमचा हात रंगाचा," बाई म्हणाल्या. "एक डझन झाडं चंदेरी करून द्या की. बाहेर सगळे विकतात. बघू तरी."

खरं सांगायचं तर पफदादा खूश झाले. कित्येक वर्षांत कोणी 'तुमचा हात' असं म्हटलं नव्हतं. गॅरेजमधून गाडीच्या रंगाचा स्प्रे आणला. नटाच्या अंगरख्याला डाग पडू नये म्हणून मानेभोवती कागद लावायचे, तशा कागदी कॉलरी कुंड्यांना कापून घातल्या. हलक्या हाताने तीन थर दिले. झाडं अशी चमकली की रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. नव्याने उघडणाऱ्या एका हॉटेलचा मॅनेजर तर बोटाने पान टकटकवून म्हणाला, "अगदी चांदीचं वाटतं हो!" पफदादा आठवडाभर ताठ मानेने चालत होते. एक झाड त्यांनी घरी नेलं, एक बाईंनी नमुना म्हणून ठेवलं, उरलेली दहा विकली गेली.

तीन आठवड्यांनी घरचं झाड बिघडलं. चंदेरी पानं सुरकुतली. मधून नवी पानं आली ती फिकट, लांबुडकी, मान वेळावून खिडकीकडे ओढ घेणारी. पफदादांनी भिंग लावून पाहिलं. पान श्वास घेतं अंगाने, ऊन खातं तेही अंगानेच. त्या अंगावर गाडीचा रंग बसला होता.

मग त्यांनी ते केलं जे जगात फक्त रंगभूषाकारालाच सुचेल. वाटीत खोबरेल तेल कोमट केलं, कापसाचा बोळा घेतला आणि नटाचा चेहरा पुसावा तसं एकेक पान पुसलं. रंग थोडा सुटला. "आता अंग मोकळं होऊ दे," असं म्हणून झाड उन्हात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं तपकिरी पडली होती. करपलेली.

बहिणीने वाकून पाहिलं. "दादा, तू याला तेल चोळून उन्हात ठेवलंस? अरे, भाजीच करायची होती तर मला सांगायचंस."

एरवी ते हसले असते. त्या दिवशी नाकाचा शेंडा लाल झाला आणि राग जायला कुठे जागाच सापडेना, कारण ज्याच्यावर राग आला होता तो माणूस आरशात होता.

"उरलेली दहा कुणाच्या तरी घरी मरत असतील," ते पुटपुटले. "आणि ती माणसं मोठ्या हौसेने बघत असतील."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाऊल ठेवलं तर बाईंचा चेहरा फुललेला.

"काका, हॉटेलवाल्यांना नमुना पसंत पडला! उद्घाटनाला येईल त्या प्रत्येक पाहुण्याला जाताना एक चंदेरी झाड. तीनशे! आपली मागची सगळी जातात. आठ दिवस आहेत, आजच सुरुवात करा."

पफदादांनी पिशवीतून करपलेलं झाड काढून गल्ल्यावर ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या नमुन्याचा भाऊ. माझ्या हातचा. रंग पुसायला तेल लावून पाहिलं."

बाईंनी ते फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तेल लावलंत म्हणून मेलं ते."

"तेलाने दोन दिवसांत मेलं. नाहीतर दोन महिन्यांनी मेलं असतं. कुंड्या रंगवतो, बाई. कुंड्यांना सोन्यानं मढवतो हवं तर."

"त्यांना पानं चंदेरी हवीत. शब्द दिलाय मी. तुम्हाला जमत नसेल तर गॅरेजवाल्याला बोलावते, तो तासाभरात उडवेल."

'उडवेल' हा शब्द ऐकून पफदादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते झाड उचलून तडक हॉटेलात गेले.

हॉटेलात सगळीकडे नव्या रंगाचा वास. गालिच्यांवर अजून प्लास्टिक होतं. मॅनेजर शिडीवरच्या माणसाला झुंबर डावीकडे घ्यायला सांगत होता. पफदादांनी करपलेलं झाड दाखवलं, रंगाने पान कसं कोंडतं ते समजावलं. मॅनेजर सभ्य माणूस. सगळं ऐकून घेतलं.

"पण काका, रंगवलेलं झाड टिकतं किती?"

"महिना. फार तर दोन."

"मग प्रश्नच मिटला!" तो मनापासून म्हणाला. "आम्हाला एक दुपार पुरे."

पफदादांचा आवाज तळाला गेला. मॅनेजरला शिडी सोडून वाकावं लागलं.

"साहेब, मलाही तेवढंच पुरायचं. तीन तासांचा खेळ. माझा राजा तीन तासच राजा असायचा. पण पडदा पडला की राजा उठून मला म्हणायचा, 'पुसा आता.' आणि सगळे जेवायला गेले तरी मी पुसत बसायचो. ज्याला रंग लावला त्याला त्या रंगात मी कधी घरी पाठवला नाही. तुम्ही तीनशे पाठवणार."

"छान बोलता हो तुम्ही," मॅनेजर म्हणाला. "पण थीम चंदेरी आहे."

परतताना पफदादा रस्त्याने स्वतःशीच भांडत होते. नोकरी सोडावी? सोडली तर गॅरेजवाला येणार. रात्रीतून झाडं पळवावीत? तीनशे कुंड्या आणि हे गुडघे! घरी येऊन ट्रंक उघडली, उगीच, काहीतरी आपटायला मिळावं म्हणून. तळाशी चंदेरी भुकटीच्या पुड्या होत्या. नटांच्या चिलखतांना आणि भुतांच्या गालांना ती पातळ खळीत कालवून लावायची. गाडीच्या रंगासारखी चिकटत नसे. चिलखत घामाने ओघळायचं, भुतं नळावर तोंड धुऊन घरी जायची.

शेडमधल्या एका झाडावर लावून पाहिली. झकास चमकली. दुसऱ्या दिवशी नळाखाली धरून मऊ ब्रश फिरवला. पान जसंच्या तसं. पानावरची नैसर्गिक धूसर साय तेवढी गेली, पण नव्या पानांवर पुन्हा येईल. बाईंना 'करतो, करतो' म्हणत चार दिवस थांबले. झाड ठणठणीत.

"रंगवतो," त्यांनी बाईंना सांगितलं. "पण रंग माझा."

"धुतल्यावर जात तर नाही ना?"

"त्यांना एक दुपार हवी आहे. एक दुपार टिकेल."

तीन दिवस शेडमधून नुसती पुटपुट ऐकू येत होती. त्यातले सभ्य शब्द एवढेच : हॉटेल, थीम, झुंबर.

उद्घाटनाच्या दुपारी सगळं झगमगत होतं. पाहुणे खाऊन-पिऊन निघाले, दारात प्रत्येकाच्या हाती चंदेरी झाड पडलं. आणि पायऱ्या उतरल्या-उतरल्या समोर दोन बादल्या, एक स्टूल आणि स्टुलावर एक लाल नाकाचा म्हातारा.

"थांबा. द्या इकडे."

"का हो?"

"याला अंघोळ घालायची आहे."

पहिले सूटवाले गृहस्थ बावचळून थांबले. पफदादांनी झाड आडवं धरून ओंजळीने पाणी सोडलं, ब्रश फिरवला, मधल्या पानांतलं पाणी फुंकून काढलं. चंदेरी ओघळ बादलीत गेले आणि खालून गुलाबी काठाचं हिरवं झाड वर आलं.

"हे घ्या. खिडकीत ठेवा. पंधरा दिवसांनी पाणी, माती सुकली असेल तरच. लाड करू नका. गावाला खुशाल जा. पान गळलं तर फेकू नका, मातीवर ठेवा, बाळ होईल. चला, पुढचे!"

काही थांबले, काही हसले, बरेच बाजूने सटकले. "अहो, चांदी छान दिसते की," म्हणून कोणी गाडीत बसलं, तर पफदादा ब्रश रोखून गाडीच्या काचेजवळ गेले. "घरी जाऊन नळाखाली धरा. आजच. भांडी घासायच्या आधी!"

मॅनेजर धावत आला, त्याच्यामागे मालकीणबाई, कपाळावर घाम. "काका, काय आरंभलंय हे? नाक कापलंत माझं! उठा आधी. उद्यापासून येऊ नका."

"ही एवढी रांग संपली की उठतो."

तेवढ्यात रांगेतल्या एक बाई मालकीणबाईंकडे वळल्या. "तुमचंच का ते गॅरेजशेजारचं दुकान? मी मागे एक चंदेरी नेलं होतं तुमच्याकडून. आईसाठी. तिला एवढंच झेपतं, उठून रोज पाणी घालायला होत नाही तिला. पण मेलं हो. आई म्हणते, माझा हातच वाईट, आता घरात काही जगायचं नाही माझ्याकडून. मी हेही नेणार नव्हते, पण म्हटलं, बघू."

मालकीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. त्या बाईंच्या हातातल्या धुतलेल्या झाडाकडे बघत राहिल्या.

"हात वाईट नव्हता त्यांचा," पफदादा म्हणाले. "माझा होता. आईंना सांगा. माझं नाव घेऊन सांगा." आणि दारातून आणखी एक झाड आणून, धुऊन त्यांनी त्या बाईंच्या पिशवीत ठेवलं.

मॅनेजर म्हणाला, "बाई, यांना हलवा, नाहीतर मी हलवतो."

मालकीणबाईंनी पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली. "मागच्या दारानेही लोक जातायत," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "तिथे कोणी आहे का?" उत्तराची वाट न बघता त्या गेल्याही.

संध्याकाळपर्यंत दोन्ही दारांवर मिळून दीडशेच्या आसपास झाडं धुतली गेली. बाकीची चमचमत गाड्यांतून निघून गेली. त्यांतली किती नळाखाली गेली असतील कोण जाणे. पफदादा त्या गाड्यांमागे बघत दातओठ खात होते. शेवटी ते मागच्या दाराशी आले आणि बाईंच्या हाताकडे लक्ष गेलं.

"अहो बाई, हा ब्रश? पानं सोलताय की धुताय? द्या तो इकडे!"

"काका, माझ्यावर ओरडायचं नाही. मी मालकीण आहे."

"मग फुंकर कोण मारणार? पाणी तुंबलंय मध्ये, दिसत नाही?"

बाईंनी गाल फुगवून फुंकर मारली. चंदेरी पाण्याचे थेंब पफदादांच्या चष्म्यावर उडाले.

"जोरात," ते म्हणाले. "अजून जोरात."