नववं पान कापसात

माझा तिसरा उपदेश आमच्या कापसासोबत जिनिंगला गेला.

पहिले दोन कुठे गेले तेही सांगतो, म्हणजे तिसऱ्याचं महत्त्व कळेल. आमच्या गावच्या चर्चमध्ये महिन्याचा शेवटचा रविवार तरुणांचा. त्या दिवशी तरुणांपैकीच कुणीतरी उपदेश करायचा असा रिवाज होता, आणि मी बारावी पास असल्यामुळे तो कुणीतरी म्हणजे मी, असं सगळ्यांनी माझ्या गैरहजेरीत ठरवून टाकलं. पहिला उपदेश मी चार मिनिटांत संपवला. (त्यातलं दीड मिनिट चष्मा पुसण्यात गेलं.) दुसरा संपलाच नाही. पाऊण तास झाल्यावर मी 'आता दुसरा मुद्दा' असं म्हणत असतानाच पाळकसाहेब आपणहून उठले आणि हात वर करून त्यांनी शेवटचा आशीर्वाद देऊन टाकला. लोक 'आमेन' म्हणाले. इतकं मनापासूनचं आमेन मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

मग पाळकसाहेबांनी मला घरी बोलावून शिकवलं.

"हे पाय अशोक, एक वचन, तीन मुद्दे, एक उदाहरण. बस. आन् उदाहरण घरचं पायजे. परदेशातल्या राजाचं सांगशीन तं पोट्टे झोपतीन. सोताच्या घरात पाह्यलं ते सांग."

पाळकसाहेबांचं शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं. तिथंच घोटाळा झाला.

वचन निवडलं बायबलमधल्या खोट्या तराजूचं, ज्याचा देवाला वीट येतो. आता घरचं उदाहरण. ते तर तयारच होतं. मागच्या वर्षी जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस विकायला निघायच्या आधी बाबांनी कापसावर पाणी शिंपडलं होतं. वजन वाढावं म्हणून तेव्हा बरेच जण शिंपडायचे. ती वर्षंच अशी होती की भल्या माणसाची नजरही बादलीकडे जायची. बाबांनी पाणी मारलं आणि मी ते माळ्यावरून पाहिलं. पण पुढचंही मी पाहिलं. बाबांना त्या दिवशी घास गेला नाही. ताटावरून उठले, सगळा कापूस टिनाच्या छपरावर पसरला, दोन दिवस खडखडीत वाळवला आणि मगच नेला. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. मला त्या दिवशी बाबा फार मोठे वाटले होते, पण आमच्या घरात असं काही तोंडावर सांगायची पद्धत नव्हती. उपदेशात सांगावं म्हटलं.

एकूण चौदा पानं झाली. पाणी नवव्या पानावर, पश्चात्ताप दहाव्या पानावर. बाबांना आधी विचारायचं तेवढं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे हिंमत झाली नाही.)

सराव करायला जागा हवी. आमच्या मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. भाव चढेल म्हणून गावात घरोघरी तसाच भरलेला असायचा आणि माणसं ओसरीत झोपायची. मी त्या ढिगावर चढलो, कमरेपर्यंत रुतलो आणि तिथून उपदेश करू लागलो. दाराशी आई तुरीची डाळ निवडत बसलेली. तीच माझी मंडळी.

"आई, झोपली का?"

"नाई. डोये मिटून आयकून राह्यले."

"मंग काय सांगतलं मी?"

"चांगलंच सांगतलं असशीन."

शुक्रवारी संध्याकाळी आईने जेवायला हाक मारली. मी पानं तिथेच ढिगावर ठेवली आणि उतरलो. शनिवारी सकाळी मी सायकल घेऊन पोरांना रविवारचं आमंत्रण द्यायला निघालो. एकही घरी सापडला नाही. जो तो घाटंजीला जिनिंगच्या लाइनीत, बैलबंडीवर. परत आलो तर आई मधली खोली झाडत होती. मधली खोली! तिची फरशी मी दिवाळीनंतर पहिल्यांदा पाहत होतो.

"आई, माहे कागद?"

"कोणते कागद?"

"उपदेशाचे. कापसावर होते."

"मंग कापसातच असतीन."

"कापूस कुठी हाय?"

"तुहे बाबा घेऊन गेले ना सकायीच. खरेदी सुरू झाली म्हने."

उपदेशाचं जाऊ द्या, तो देवाच्या हातात. पण नववं पान ग्रेडरच्या हातात गेलं तर? जिनिंगच्या गेटवर ग्रेडर कापूस तपासतो. ओला निघाला की बंडी तिथूनच परत, आणि लाइनीतल्या शंभर माणसांसमोर नाव खराब. आमचा वर्षाचा सगळा कापूस त्या बंडीत होता, यंदा तो पाण्याचा एक थेंबही न लावता भरलेला होता, आणि त्याच्याच पोटात बाबांच्या मुलाने स्वतःच्या अक्षरात, समासासकट लिहून ठेवलं होतं की माझे बाबा कापसावर पाणी मारतात.

दोन कोस सायकल मी कशी मारली ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

लाइन गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. आमची बंडी गेटपासून पाचवी. बाबा चहाला गेले होते. प्रभूचे आभार मानून मी बंडीवर चढलो आणि कापसात सूर मारला. मागच्या बंडीवर विलास होता, आमच्याच चर्चचा. गेले तीन महिने त्याने तरुणांच्या सभेला तोंड दाखवलं नव्हतं.

"काय ढुंढून राह्यला बे अशोक?"

"कागद."

"कायचे कागद?"

"उद्याचा उपदेश."

विलासने मागे वळून हाळी दिली, "अबे या रे, अशोक्याचा उपदेश बंडीत बुडला!"

झालं. आजूबाजूच्या बंड्यांवरून सहा-सात पोरं मदतीला आली. मदत म्हणजे काय, तर सगळे आमच्या बंडीत उभे राहून कापूस तुडवू लागले. वर असलेली पानं त्यामुळे तळाला गेली. तरी एकेक करून निघत होती. "हे घे, चार." "हे अकरा हाय." "अबे, याच्यात तिसरा मुद्दा दोनदा हाय." मी पानं मोजत होतो. तेरा झाली. नववं नव्हतं.

तेवढ्यात बाबा आले. बंडीत उभी असलेली फौज त्यांनी पाहिली.

"काय चाल्लं हे?"

विलासनेच प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, अशोकचा उपदेश ढुंढून राह्यलो."

"कापसात कायले गेला तो?"

मी काही बोलणार, तोच आमचा नंबर आला.

ग्रेडर होते शब्बीरभाई. शांत माणूस, खिशाला पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांची रीत ठरलेली. बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तीन ठिकाणी. पहिल्या मुठीत कापूस आला. दाबून पाहिला, मान हलवली. दुसऱ्या मुठीतही कापूसच आला. मी डोळे मिटून प्रार्थना केली. (आईसारखी नाही, खरोखरची.) तिसऱ्या मुठीत कापूस होता आणि कापसात कागद होता.

शब्बीरभाईंनी कागद झटकला आणि सावकाश, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असा वाचला.

"'मागच्या वर्षी माझ्या बाबांनी कापसावर एक बादली पाणी शिंपडले.'"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही.

"हे कोनं लिहलं?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"मी लिहलं. ते उदाहरण हाय. पुढं दहाव्या पानावर..."

बाबांनी डोक्याची टोपी काढली. मला वाटलं, आता ती टोपी माझ्या तोंडावर बसणार. पण ते शब्बीरभाईंकडे वळले.

"लिहलं ते खरं हाय साहेब. पन ते मागल्या सालचं हाय. यंदा एक थेंब नाई. तुमी सारी बंडी उपसून पाहा."

शब्बीरभाईंनी कागद उन्हात धरला, उलटा केला, बोट ओलं करून एका अक्षरावर फिरवलं. अक्षर लगेच फुटलं, निळा डाग पडला.

"शाईच्या पेननं लिहलं?"

"हो." शाईच्या पेनने अक्षर चांगलं येतं असं पाळकसाहेब म्हणाले होते.

"कापसात कधीपासून हाय हा कागद?"

"काल सांजेपासून."

"पानी मारलं असतं तं हे सारं पान निळंशार झालं असतं. इथं एक मात्रा नाई हलली." ते बाबांकडे वळले. "कापूस कोरडा हाय भाऊ. घ्या बंडी अंदर."

मी तिथेच विलासच्या बंडीच्या चाकाला टेकून बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. बाबा बंडी आत नेता नेता थांबले आणि म्हणाले, "घरी ये तू." पण आवाजात दम नव्हता, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

शब्बीरभाईंनी पान काही परत दिलं नाही. "थांब. पानी मारल्यावर पुढं काय झालं? दहावं पान कुठी हाय?"

मग मी ते वाचलं. बाबांना घास गेला नाही ते, टिनावर कापूस पसरला ते. बंड्यांवरून पोरं ऐकत होती, आणि ज्यांची बंडी पुढे सरकायची होती तेही थांबले. दहावं पान संपल्यावर मी सवयीने अकरावं काढलं, तर विलास म्हणाला, "बस ना बे आता. उद्या येतो मी, बाकीचं तिथंच सांग."

आणि खरंच आला. रविवारी तरुणांचे बाक भरले, काही जण तर खिडकीत बसले. वचनासाठी आले होते असा माझा गैरसमज नाही. बाबांचं तोंड बघायला आले होते. मी उपदेश बारा मिनिटांत बसवला, मुद्देही तीनच. नवव्या पानाशी आलो, "एक बादली पाणी" म्हणालो, आणि मागच्या बाकावरून बाबा उठले.

"एक नाई. दोन होत्या. खरं सांगाचं तं पुरं सांग."

बायकांच्या बाजूने लगेच आवाज आला. आई. डाळ निवडताना ऐकलेलं माझ्या उपदेशातलं एक अक्षर जिला आठवायचं नाही ती आई.

"तीन होत्या. तिसरी म्या भरून देल्ती."

सगळं चर्च हसत सुटलं, बाबासुद्धा. पाळकसाहेबांनी घाईघाईने उठून हात वर केला आणि आशीर्वाद दिला. आमेन दणक्यात झालं. पण या वेळी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नववं पान मी जपून ठेवलंय. त्यावर तो निळा डाग आहे, आणि त्याखाली पेन्सिलने, कापसाच्या बंडीला देतात तसा, त्या दिवशी पान परत करताना शब्बीरभाईंनी दिलेला शेरा आहे: 'धागा लांब. कचरा बराच. घेण्यालायक.' त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी उपदेश करतोय. माझ्या उपदेशाबद्दल इतकं चांगलं मत पुन्हा कुणीही दिलेलं नाही.